उंबरठ्यावरचं खोबरेल

बाळकुमच्या त्या सोसायटीला मी कधी ‘आमची’ म्हटलं नाही. ती मुलाची सोसायटी. माझं घर डोंबिवलीला, पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर. मुलाकडे मी आले ती मनगट मोडलं म्हणून, प्लास्टर निघेपर्यंत. प्लास्टर निघालं, मनगटात बसवलेली धातूची पट्टीही हाडाशी जुळवून घेऊन राहिली, आणि मी मात्र तिथेच.

झालं होतं असं. डोंबिवलीच्या घरी सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि हात अंगाखाली आला. फोन स्वयंपाकघरात, मी फरशीवर. पुढच्या दाराला आतून कडी, कडीच्या वर आडव्या दांड्याचा आडणा. हे गेल्यापासून मी एकटीच, त्यामुळे रात्री दोन्ही लावून झोपायची सवय. मी फोन उचलत नाही म्हटल्यावर मुलगा ठाण्याहून निघाला, आणि शेवटी त्याने आणि शेजाऱ्यांनी मिळून दार फोडलं. दार चांगलं सागवानी होतं, ते टिकलं. चौकट भिंतीतून उखडून आली.

त्या तुटक्या चौकटीवरच पुढचे सगळे महिने अडले. “चौकट दुरुस्त झाली की जा,” असं मुलगा म्हणायचा. आधी सुतार गावाला गेला होता. मग सुतार आला, पण लाकूड मिळत नव्हतं. मग लाकूड मिळालं आणि सुताराची पाठ धरली. मी कल्याण स्टेशनात आरक्षणाच्या खिडकीमागे नोकरी केलेली बाई. माणूस काचेपलीकडून थाप मारतोय की खरं बोलतोय, हे मला त्याने तोंड उघडण्याआधी कळायचं. पण पोटच्या पोराला काय बोलणार? त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. “हात पूर्वीसारखा होऊ दे. मग मी अडवणार नाही.”

उन्हाळ्यात शेजारच्या विंगमध्ये विजेच्या वायरी जातात तिथे आग लागली. कोणाला इजा झाली नाही, पण जिना पार काळा झाला. कमिटी घाबरली आणि प्रत्येक फ्लॅटला आगीपासून संरक्षण देणारा दरवाजा बसवायचा, असं ठरलं. आमच्याकडे दरवाजा आला तेव्हा दोन माणसांनी तो लिफ्टमधून काढताना “जरा धरा, जरा धरा” असा गजर लावला होता. बाहेरून नेहमीच्या दारासारखाच, पण जाडजूड. चौकटीच्या खाचेत एक काळी पट्टी. आग लागली की ती पट्टी फुगते आणि फटी बंद करते, म्हणजे धूर आत येत नाही. दार आपोआप मिटावं म्हणून वर एक लोखंडी हात.

दार बसवणारा माणूस तिथलाच, बाळकुम गावातला. जुनी चौकट काढून त्याने नवी उभी केली आणि मी चहा घेऊन गेले तर काय, चौकटीला खालची बाजूच नाही.

“उंबरठा कुठाय?” मी विचारलं.

“मावशी, ह्याला उंबरठा येतच नाय. तीनच बाजू.”

“असं कसं? घर आहे की गोडाऊन?”

“आता सगलीकडं असंच बसवलंय. कोन काय बोललं नाय.”

“मी बोलते ना आता.”

मग त्याने बाकीचे नियमही सांगून टाकले. चौकटीला खिळा मारायचा नाही. तोरण चिकटपट्टीने लावायचं. जादा कडी, आडणा, साखळी काहीही लावायचं नाही. आत जे हँडल आहे ते खाली दाबलं की दार उघडलं पाहिजे, किल्ली न लागता. मी सगळं ऐकून घेतलं, पण उंबरठा सोडला नाही. आयुष्यात कोणाचे उंबरठे झिजवले नाहीत मी, पण घराला तो हवाच. सकाळी हळदकुंकू कुठे वाहायचं? लिफ्टसमोर? सूनबाईने मुलाकडे पाहिलं, मुलाने छताकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी दाराखाली चिकटवून गेला.

दार बसवणारा ती पट्टी बघून नाराज झाला. दाराखाली ठेवलेली फट त्या दगडाने खाऊन टाकली होती. “पावसात लाकूड फुगलं तर घासंल. आनि मी खालून रंधा मारनार नाय, रंधा मारला का ह्या दाराची गॅरंटी गेली.”

“पावसाचं पावसात बघू,” मी म्हटलं. उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आषाढात दार घासायला लागलं. आधी नुसता आवाज यायचा. मुलगा आणि सूनबाई सकाळी घाईत निघायची, दाराचा रस्ता स्वयंपाकघराच्या कोपऱ्याआड, त्यामुळे मला दिसायचं काही नाही, फक्त एक खर्रर्र आणि मग धप्प. कामवाली बाई सूनबाई घरात असतानाच येऊन जायची. दिवसभर दाराला हात लावायची वेळ आली तर माझ्यावरच.

एके दिवशी चार वाजता मी चप्पल घातली, पिशवी घेतली आणि खाली एक फेरी मारायला निघाले. हँडल दाबलं, दार ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. दार इतकंसं आत आलं, उंबरठ्यावर रुतलं आणि वरच्या लोखंडी हाताने त्याला परत जागेवर नेलं. उजव्या मनगटातून अशी कळ गेली की मी तिथेच भिंतीला टेकले. डाव्या हाताने करून पाहिलं. दोन्ही हातांनी पाहिलं. मग चप्पल काढून ठेवली, पिशवी खुंटीला लावली आणि सोफ्यावर येऊन बसले.

किती साधी गोष्ट होती. संध्याकाळी म्हणायचं, “अरे, दार घट्ट झालंय, मला उघडत नाही.” पण ते वाक्य मी तोंडातून काढलं असतं, तर डोंबिवली संपली होती. ज्या बाईला घराचं दार उघडत नाही तिला एकटं कोण राहू देईल? ‘हात पूर्वीसारखा होऊ दे’ म्हणणाऱ्याच्या हातात मीच पुरावा नेऊन द्यायचा होता. म्हणून मी गप्प बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

“आज खाली गेली होतीस का?” मुलगा रोज जेवताना विचारायचा.

“गेले होते की.”

“बरं वाटलं?”

“नव्या कुंड्या ठेवल्यात गेटपाशी. तगर आहे, सदाफुली आहे. एक बाक मोडलाय.” हे सगळं मी चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून पाहिलेलं. सदाफुली होती की आणखी काही, देव जाणे. वरून नुसता गुलाबी रंग दिसायचा.

तो मान हलवायचा आणि आमटी वाढून घ्यायचा.

हळूहळू मी त्या घरात बरीच हुशार झाले. बेल वाजली की दाराच्या भिंगातून बघायचं आणि आतूनच ओरडायचं, “खाली वॉचमनकडे ठेवा!” समोरच्या बाईंनी भजनाला बोलावलं तर गुडघे पुढे करायचे. तिन्हीसांजेला दार उघडं हवं, लक्ष्मी यायची वेळ, तर सूनबाई येईपर्यंत थांबायचं. ती आली की दार धरून ठेवायची, मी पाट्यावरचा वरवंटा आडवा लावायची आणि दिवा लावायची. तो लोखंडी हात वरवंट्यालाही कुरकुरत ढकलत राहायचा. सूनबाई एकदा म्हणाली, “आई, हे दार भारीच झालंय हो.” मी ताडकन म्हटलं, “छे, मला नाही वाटत.” तिने माझ्याकडे पाहिलं आणि पर्स घेऊन आत गेली.

ते दिवस फार वाईट गेले. घर मोठं होतं, वारा येत होता, खाडीकडचं आभाळ दिसत होतं, जेवायला वेळेवर मिळत होतं. पण घर रिकामं झालं की मी दारापाशी जाऊन उभी राहायचे, हँडलवर हात ठेवायचे आणि आज जमतंय का बघायचे. जमायचं नाही. जन्मभर काचेच्या आत बसून मी लोकांना रत्नागिरीला, नागपूरला, वाराणसीला पाठवलं. आता मला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाता येत नव्हतं. स्वतःचाच राग यायचा, कारण तो उंबरठा मीच भांडून बसवून घेतला होता.

गणपती गेले आणि दोनच दिवसांनी, दुपारी, भोंगा वाजला.

असा आवाज मी त्या इमारतीत कधी ऐकला नव्हता. बाहेर पळापळ, कोणाचं तरी मूल रडतंय, जिन्याचं दार आपटतंय. कोणीतरी ओरडलं, “लिफ्ट नको, लिफ्ट नको!” मी दाराकडे धावले. हँडल दाबून ओढलं. ते मेलं तसंच. भोंगा चालूच. बाहेरचे आवाज हळूहळू खाली गेले आणि मजल्यावर शांतता झाली. धुराचा वास येतोय असंही मला वाटायला लागलं. वास नव्हता, पण भीतीला नाक असतं.

फोन माझ्या हातात होता. मुलाचं नाव समोर होतं. दाबलं असतं तर त्याने कोणाला तरी वर धाडलं असतं. मी दाबलं नाही. आग लागली असेल तर लागू दे, पण ‘मला दार उघडत नाही’ हे मी बोलणार नाही, असं तेव्हा खरंच माझ्या मनात आलं. मी किती हट्टी आहे हे मला त्या दिवशी नीट कळलं, आणि मी घाबरले.

मग डोकं जागेवर आलं. घासतंय ना? जिथे घासतं तिथे तेल. स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली आणि दाराखालच्या फटीत, उंबरठ्याच्या दगडावर सगळी ओतली. उलथनं घालून ते जमेल तितकं आत सारलं. हँडलला पंचा बांधला, त्याचं दुसरं टोक कमरेभोवती घेतलं, हात सोडून दिले आणि अंगाचा सगळा भार मागे टाकला. खर्रर्र झालं, दार उघडलं आणि मी पायपुसण्यावर फतकल मारून बसले. हसूच आलं. हसत होते तोवर त्या लोखंडी हाताने सावकाश, अगदी सभ्यपणे, दार माझ्या तोंडासमोर पुन्हा लावून टाकलं.

दुसऱ्या वेळी वरवंटा जवळ घेऊन ओढलं. दार उघडताच पायाने तो फटीत सारला आणि तिरकी होऊन बाहेर निघाले. जिन्याचं दार ढकलायचं होतं, ते पाठीने ढकललं. मग चौदा मजले, कठड्याला धरून, तेलकट पायांनी. चप्पल घालायची राहिली होती.

खाली सगळे घोळका करून उभे होते. आग कुठे नव्हती. भोंगा मुद्दाम वाजवलेला, सराव म्हणून. सगळ्यांना फोनवर आधी कळवलं होतं म्हणे. शिट्टी गळ्यात घातलेला सिक्युरिटीवाला माझ्याकडे धावत आला.

“आजी, तुम्ही कशाला उतरलात? तुमचं सांगून ठेवलेलं ना साहेबांनी!”

“काय सांगून ठेवलेलं?”

“का आजी आतच राहतील, त्यांना मोजू नका. त्यांना दरवाजा खुलत नाय बोलले.”

मी त्या मोडक्या बाकावर बसले. कुंड्यांमधली फुलं सदाफुली नव्हती, ती तेरड्याची होती.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा दारात वरवंटा तसाच होता आणि उंबरठ्यावर तेलाचं थारोळं. त्याने बूट काढायच्या आधीच मी विचारलं.

“तुला माहीत होतं?”

तो तेलाकडे बघत राहिला. “हो.”

“कधीपासून?”

“जुलैपासून. मी मोबाईल विसरून परत आलेलो. लिफ्टमधून बाहेर पडलो तर आपल्या दाराचं हँडल हलताना दिसलं. खाली, वर, खाली, वर. तू आतून ओढत होतीस.”

“आणि तू?”

“बाहेर उभा होतो.”

“ढकललं का नाहीस, अरे? एक धक्का दिला असतास!”

“ढकललं असतं तर तुला कळलं असतं, मला कळलंय म्हणून. मोबाईल न घेताच गेलो.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “आणि आई, मला बरं वाटलं. ऑफिसमध्ये दिवसभर जीव शांत असायचा. ती आत आहे, कुठे पडली नाही, कुठे गेली नाही.”

“आणि आग लागली असती तर?”

“तो विचार मी केलाच नव्हता.” आगीपासून वाचवायला बसवलेल्या दाराबद्दल तो हे बोलत होता, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

“रोज विचारत होतास मला, खाली गेलीस का म्हणून.”

“तू रोज ‘गेले’ म्हणत होतीस.”

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. “मलाही दोन हात लागतात हो त्या दाराला,” ती म्हणाली. “मी रोज भिंतीला पाय लावून उघडते. तुमच्या उंबरठ्याबद्दल कसं बोलू म्हणून गप्प होते.”

म्हणजे तीन माणसं एका दाराशी झुंजत होती आणि एकमेकांना खुशाली सांगत होती. मला इतका संताप आला की मी जेवले नाही. पान वाढून सूनबाई दोनदा बोलवायला आली, मी तोंड फिरवून बसले. पोराचा राग होताच, पण त्याच्याइतकाच माझाही होता.

सकाळी मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा दगड आजच्या आज काढायचा. दुसरी, शनिवारच्या आत डोंबिवलीची चौकट उभी राहिली पाहिजे, नाहीतर मी चौकटीविना राहीन, पडदा लावून.

“अहो आई, पितृपक्ष चालू आहे,” सूनबाई म्हणाली. “नव्याने काही सुरू करत नाहीत.”

“मी गृहप्रवेश करत नाही. घरी जातेय.”

दार बसवणारा आला, छिन्नीने ग्रॅनाइट उचकटलं, तोंडातल्या तोंडात “बोललेलो मी” म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं. दार मग एका बोटाने उघडायला लागलं. डोंबिवलीचं कामही त्यालाच दिलं. मुलगा स्वतः त्याच्याबरोबर दोन दिवस जाऊन उभा राहिला, सुताराच्या पाठीची सबब पुन्हा निघाली नाही.

शनिवारी दोघं मला सोडायला आली. नवी चौकट चारही बाजूंची होती, खाली लाकडी उंबरठा. जुनं सागवानी दार तासून पॉलिश करून बसवलेलं. सूनबाईने भाजी, दूध, औषधं लावून दिली. मुलाने न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला होता, तो हलवून दाखवला. निघताना त्याने दार नुसतं ओढून घेतलं, लॅच लागलं. त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली आणि मी कितीतरी महिन्यांनी माझ्या घरात एकटी उभी राहिले. फार बरं वाटलं.

तिन्हीसांजा झाल्या. दिवा लावण्याआधी सवयीने दाराशी गेले आणि हात कडीवर टाकला. हात नुसत्या लाकडावरून घसरला. वर पाहिलं, आडणा नाही. आडण्याची भोकंही नाहीत. सगळं बुजवून, घासून, पॉलिश करून टाकलेलं. फक्त लॅच, बाहेरून किल्लीने उघडणारं.

तसाच फोन लावला. “माझ्या दाराची कडी कुठाय?”

“लावली नाही,” तो म्हणाला. मागे गाड्यांचे आवाज, अजून वाटेतच होता. “एक किल्ली माझ्याकडे आहे.”

मी तोंड उघडलं ते त्याला झापायलाच. माझं घर, माझं दार, मला आतून बंदसुद्धा करता येऊ नये? आणि मग मला ती सकाळ आठवली. न्हाणीघराच्या फरशीवर पडल्या पडल्या मला त्याची हाक ऐकू येत होती. “आई, दार उघड. आई, कडी काढ ना गं.” लहानपणी शाळेतून यायचा तसा हाका मारत होता, आणि कळा अशा होत्या की मला ओ देता येत नव्हती. मी आत अडकले होते हे मी सगळ्यांना सांगितलं. तो बाहेर अडकला होता, हे तोपर्यंत माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

“ऐक,” मी म्हटलं. “येशील तेव्हा आधी बेल वाजवायची. चोरासारखं शिरायचं नाही.”

“वाजवीन. आणि तू उघडलं नाहीस तर?”

मी दाराच्या त्या गुळगुळीत जागेवर हात ठेवून उभी होते.

“तर मग ये आत,” मी म्हटलं.